सोळा माळा

पोन्ता देलगादाच्या विमानतळावर मी बॅगा तोलते.
तेवीस किलोंच्या वर एक चीज जरी गेलं
तरी माणूस माझ्याकडे असा बघतो
जसा काही समुद्र मीच रुंद केलाय.
एकोणीस वर्षं झाली. मी स्वतः अजून कुठेच उडाले नाही.

जूनमध्ये फिलोमेना आली, पार नोर्देश्तहून.
नवा कोट, आणि कोटाखाली
गोठ्याचा वास तसाच.
म्हणाली, बॉस्टन किती लांब?
तीन हजार आठशे किलोमीटर, वर थोडे.
ती बघत राहिली,
वाचायच्या आधीच फळा पुसला गेल्यावर
मूल बघतं तशी.

मग मी वेळ सांगितला. साडेपाच तास.
"सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंत?"
इतका नाही.
"मग जपमाळा किती?"
मागे रांग वाढत होती, कुणाचं तरी पोर रडत होतं,
आणि मी, पहिल्या कम्युनियननंतर
माळेला हात न लावलेली,
बॅगेच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडत बसले:
एकीला वीस मिनिटं.
सोळा होतील. सतरावी अर्ध्यावर असताना चाकं टेकतील.

"आणि येताना?"
तेरा.
"म्हणजे परतीचा समुद्र आखूड?"
समुद्र तेवढाच. वारा पश्चिमेचा,
जाताना छातीवर, येताना पाठीवर.
हे तिला लगेच पटलं.
त्याच वाऱ्यात तिनं जन्मभर चादरी वाळत घातल्या होत्या.

उतरल्यावर घड्याळ चार तास मागे घ्या, मी म्हटलं.
इथून चारला निघाल, तिथे साडेपाचला पोचाल.
तिचा हात मनगटावर गेला, घट्ट.
"मधले चार तास कोण ठेवून घेतं?"
तिकडे जमा राहतात, परतताना मिळतात,
असं काहीतरी बँकेतल्यासारखं मी बोलून गेले.
तिचा दुआर्त न्यू बेडफर्डला मासे सोलतो,
गेला त्याला बावीस वर्षं झाली.
त्याच्या जमेचं तिनं विचारलं नाही.
मीही पट्टा चालू केला.
बॅग बावीस किलो आठशे ग्रॅम, सगळं चीज.

ऑक्टोबरात कॉफी प्यायला बाहेर उभी होते
तर ती दारातून आली.
बॅग अकरा किलोंची, न तोलताच कळलं.
घड्याळ बेटाच्याच वेळेवर,
ते तिनं तिकडेही हलवलं नसणार.
मुलगा कसा आहे, विचारायला मी तोंड उघडलं,
पण तीच आधी बोलली:

"तेरा म्हणालीस.
नऊ झाल्या आणि डोळा लागला. चार राहिल्या."

नोर्देश्तच्या बसला दीड तास लागतो, मी म्हटलं.
तिनं बोटांवर मोजलं. बसत होतं.
बॅग उचलून देते म्हटलं तर नको म्हणाली
आणि थांब्याकडे निघाली,
ओठ हलायला लागलेसुद्धा होते.