आजची तारीख

रोज सकाळी पावणेआठला मी मशीनला खोटं सांगते.

ते विचारतं, आजची तारीख काय?
काळा पडदा, पांढरी अक्षरं, टुकटुकणारी एक रेघ.
आतला नाण्याएवढा सेल केव्हाच मेलाय,
रात्री मेन स्विच पाडला की
त्याला काही म्हणजे काही आठवत नाही.
मी टाइप करते : चौदा मार्च, एकोणीसशे नव्याण्णव.

खरं साल एकदा सांगून बघितलं होतं.
परवाना संपलाय, म्हणालं, आणि तोंड मिटलं.
तिकडे भट्टीत पाचशे किलो लोखंड
पाऊण तास नुसतं उकळत उभं.

ही तारीख कणबरकरमामांनी ठरवलेली.
का, ते विचारायचं राहिलं.
नंतर हिशेब करून बघितला तर रविवार निघाला.
रविवारी उद्यमबाग बंद.
म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही
सुट्टीच्या दिवशी ओतकाम करतोय.

खिडकीतून बसप्पा ओरडतो, आयता, अक्का?
इन्नू इल्ला, थांब की जरा.
बिल्ल्याएवढा नमुना, ग्राइंडरवर घासलेला, अजून गरम,
चिमट्यानं ठेवायचा, झाकण दाबायचं.
वीस सेकंद ठिणगी.
मग जुनाट पडद्यावर एकेक आकडा उतरतो :
कार्बन तीन पॉइंट चार दोन,
सिलिकॉन, मँगनीज,
गंधक जरा जास्तच.
आयता! ओत!
आणि शेडच्या त्या टोकाला उजेड वाहायला लागतो.

अनगोळचा एक पोरगा आलेला, कॉम्प्युटरवाला.
पाठीला सॅक, खिशात तीन पेनड्राइव्ह.
एकही कुठं बसेना.
झाकण उघडून हातभर लांब हिरवं कार्ड बघितलं
आणि हळूच म्हणाला, मॅडम, हे म्युझियमला द्या.
ते कार्ड फक्त त्याच खाचेत बसतं,
ती खाच फक्त त्याच बोर्डावर,
त्या बोर्डाला फक्त तीच विंडोज कळते.
नवीन मशीन अठ्ठावीस लाख.
मालक आकडा ऐकतात आणि चहा सांगतात.

तसे आणखी दोन बोर्ड माझ्या कपाटात आहेत,
अल्लाबक्ष भंगारवाल्यानं बाजूला काढून ठेवलेले.
आणि एक फ्लॉपी,
शेवयांच्या डब्यात, तांदळात पुरून,
पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून.

रिपोर्टच्या डोक्यावर अजून बेलगाम छापून येतं, इंग्रजीत.
बदलता येत नाही, पासवर्ड मामांबरोबर गेला.
हुबळीच्या पार्टीनं एकदा कागद परत पाठवला,
गावाचं नाव दुरुस्त करा म्हणून.
मी पेनानं खोडलं, बेळगाव लिहिलं,
मग तेही खोडलं, बेळगावी लिहिलं.
कागदाला तिथं भोक पडलं.

खाली छापून येतं,
ऑपरेटर : बी. वाय. कणबरकर.
मामांना जाऊन दोन वर्षं झाली.
ऑडिटला आलेल्या साहेबानं विचारलं, हे कोण?
माझ्या तोंडून निघून गेलं, नाइट शिफ्टला असतात.
साहेबानं बरोबरची खूण केली.
बसप्पा ग्राइंडरकडं तोंड करून हसत होता की काय,
खांदे हलत होते.

हल्ली डिस्क मधेच टिकटिकते.
पालीसारखी.
मी हात ठेवून बसते, ताप बघावा तशी.

संध्याकाळी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येतात :
आता बंद केलं तरी चालेल.
दिवसभरात इतकं सरळ माझ्याशी कोण बोलतं?
मी स्विच पाडते.

गेटवरच्या रजिस्टरात सही, वेळ, तारीख.
महांतेश वही फिरवून वाचतो,
नवीनच लागलाय, मिसरूड फुटलेलं.
अक्का, म्हणतो,
नव्याण्णवला मी पोटात पण नव्हतो की.