पट्टी धरणारा

तिसऱ्यांदा सर्व्हे आलाय कणकुंबीत.
फटू गावस पट्टी धरून उभा,
रस्त्याच्या कडेला, ताठ.
इंजिनियर दुर्बिणीतून
त्याच्याकडे नाही, आकड्याकडे बघतो.

पहिला कालव्याचा होता, दुसरा टॉवरचा.
टॉवर तेवढा झाला.
आता मोबाईल म्हणतो, गोव्यात स्वागत आहे,
पाय कर्नाटकात,
शिवी मराठीत.

बेळगावचे कोबीचे टेम्पो
पहाटेच चोर्ला उतरून गेलेत,
दुपारी परततील
रिकाम्या क्रेटांत बांगड्याचा वास घेऊन.

फटूच्या घराची पुढची पागोळी मलप्रभेला जाते,
मागची म्हादईला.
कौलं मात्र एकाच भट्टीतली.

"किती आली की ओ उंची?"
साहेब कन्नडमध्ये लिहितो,
हिंदीत सांगतो.

फटू मान हलवतो,
आणि पट्टीखालचा दगड
बोटभर सरकवतो.