काडीमोल

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी आउने केट्टुनेन
दुकानात आली, तेव्हा तीनलाच अंधार झाला होता.
बुटांवरचा बर्फ तिने दारातच झटकला
आणि छातीशी धरलेलं खोकं
माझ्या टपालाच्या खिडकीत ठेवलं,
झोपलेलं मूल ठेवावं तसं.

"पर्थला," म्हणाली. "साइलाकडे."

आत काय, हे मला विचारावंच लागतं.
आत होता हिम्मेली. रायच्या काड्यांचा,
नाताळात जेवणाच्या टेबलावर टांगायचा.
बारा काड्यांचा एक हिरा, त्याच्या कोपऱ्यांना लहान हिरे,
लहानांच्या कोपऱ्यांना त्याहून लहान,
आणि सगळा डोलारा एका दोऱ्यावर.

राय हिरवट असतानाच कापायची,
सॉनाच्या माळ्यावर वाळवायची,
पेरं टाकून द्यायची, मधलं सरळ तेवढं ठेवायचं,
कोमट पाण्यात भिजवायचं, नाहीतर सुई लागताच काडी चिरते.
हे मला माहीत आहे, कारण माझ्या तर सगळ्याच चिरतात.

फॉर्मवर एक रकाना असतो: किंमत.
"काय लिहू?"
आउनेने हातमोजे काढले, पुन्हा घातले.
"काडीमोल," म्हणाली.
मी वीस युरो लिहिले.

मग भिंतीवरची यादी वाचली.
ऑस्ट्रेलियाला पाठवू नये: बिया, माती, मध, पेंढा.
चष्मा पुसून परत वाचली.
पेंढा जागचा हलला नव्हता.

"काडी जाणार नाही, आउने."
"वाळलेली आहे."
"हो."
"मेलेली आहे. तिच्यातून काय उगवणार?"
"तरीही. बंदरावर जाळतील."

मागे कुत्र्याच्या खाण्याची गोणी खांद्यावर घेऊन
रेइयो उभा होता. मदत म्हणून बोलला,
"कुओपिओच्या मॉलमध्ये पितळेचा मिळतो की. तयार."
आउनेने वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
रेइयोने गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गुरुवारी ती पुन्हा आली. या वेळी फक्त पाकीट.
"काय आहे?"
"दोरा. सुई. एक कागद."
कागदावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, छोट्या-मोठ्या.
या मापाच्या बारा. या मापाच्या अठ्ठेचाळीस.
खाली तिच्या तिरक्या अक्षरात एकच ओळ:
तिकडे जे पोकळ मिळेल, ते चालेल.

दोरा लाल होता, पण नवा नव्हता.
दर काही बोटांवर त्याला एक वळण पडलेलं,
हाताने सरळ केलं तरी परत तिथेच दुमडणारं.
मी विचारलं, "काड्यांचं काय केलंस?"
"सॉना पेटवली," म्हणाली आउने. "छान पेटली."

जानेवारीत तिने फोन माझ्यासमोर धरला.
गच्चीचा वासा, मागे पांढरंफटक ऊन,
आणि मधोमध सरबताच्या कागदी नळ्यांचा
लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हिम्मेली.
सहा वर्षांच्या ओत्सोने एका हिऱ्यात
तेरावी नळी घुसवली होती. कुठे, ते कळत नव्हतं,
पण सगळं त्या बाजूला कललं होतं.
पंख्याच्या वाऱ्याने तो इतका गरगरत होता
की फोटोत निम्मा पुसला गेला होता.

आपल्याकडे तो असा फिरत नाही.
कुणी आत आलं, दार उघडलं,
तर जरासा वळतो, जणू कोण आलं ते बघायला,
आणि थांबतो. आउनेच्या घरी, खरं सांगायचं तर,
या वर्षी वळायला काही टांगलेलंच नव्हतं.

"डावा खालचा कोपरा चुकलाय," ती म्हणाली.
फोटो मोठा केला. अजून मोठा केला.
कोपरा सोडून साइलाचा कोपर दिसेपर्यंत.

मग म्हणाली, "आपण तो मधल्या उन्हाळ्यापर्यंत ठेवतो.
जूनपर्यंत. तरच राय चांगली येते.
तिकडे तर उन्हाळा आत्ताच आहे.
मग तिने काढायचा कधी?"

यासाठी माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
मी शिक्का उचलला, शाईवर टेकवला, तसाच धरून बसले.

"राहू दे की लटकलेला,"
मागून रेइयो म्हणाला.