सत्त्याण्णव अंश

नुकूसच्या बाजारात, बियाण्यांच्या दुकानाला लागून
माझं टेबल. तिथं तोलिबाय आला
छातीशी लॅपटॉप धरून,
तापानं फणफणलेलं पोर आणावं तसा.
म्हणाला, समुद्राचं मीठ गेलंय आत.
दुसरं काय असणार?

इथं सगळे हेच म्हणतात.
दात किडला: समुद्र.
सून बोलत नाही: समुद्र.
आटला त्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली,
तरी वारा सुटला की तळाची पांढरी पूड
अजून आमच्या चहात उतरते.
म्हणून मी कुणाला नाही म्हणत नाही.
आधी हात ठेवते.

डावा कोपरा निखारा. उजवा कोमट.
पंख्याला कान लावला: फिरत होता,
पण जिना चढून आलेल्या माणसानं
बोलायला जावं
आणि शब्दाआधी श्वासच बाहेर यावा, तसा.
नुसता चालू ठेवला तर एक्क्याऐंशी.
जरा जड काम दिलं. नव्वद. चौऱ्याण्णव.
सत्त्याण्णवला पडदा काळा.

"बंद कधी पडतो?"
"माझ्या हातात कधीच नाही. संध्याकाळी
अर्धा तास टायरांचा हिशोब लिहितो, बस.
सकाळी बघावं तर मेलेला."

अकरा स्क्रू. बारावा कुणीतरी आधीच हरवलेला.
झाकण उचललं.
मीठ होतं, नाही असं नाही,
पण चवीपुरतं.
बाकी सगळा कापूस. तांबडा.
तांब्याच्या पात्यांमध्ये दाबून दाबून
त्याचा नमदा झालेला,
आणि त्यात एक हिरवा धागा,
गोधडीच्या काठाला असतो तसा.

ही यंत्रं आपली रोजनिशी आपणच लिहितात.
मी फक्त तेवढंच पान उघडलं.
उष्णतेमुळे बंद, रात्री दोन चाळीस.
उष्णतेमुळे बंद, तीन दहा.
एका रात्री चारदा पडला
आणि चारदा कुणीतरी उठवला.

"घरी कोण कोण?"
"आई. मी. आणि आयसानेम, सतराची.
ती मात्र लवकर झोपते हो,
दिवे मालवायच्या आधीच गोधडीत."

बाकीची पानं मी उघडली नाहीत.
मला पंखा उघडायचे पैसे मिळतात.
ती काय लिहिते, कुणाला, कुठला अर्ज
की नुसतीच कुणाची वाट बघते,
ते तिचं तिला ठाऊक.
मला तिची फक्त उष्णता कळली,
आणि तीही अंशांत.

पंख्यात काडी अडकवली, भलता गरगरू नये म्हणून.
नमदा चिमट्यानं काढला, एका तुकड्यात निघाला.
जुना लेप खडूसारखा वाळलेला, स्पिरिटनं पुसला.
नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
लोक चमचाभर फासतात.
जास्त मायेनंही गुदमरतं.
मग तेच जड काम पुन्हा दिलं आणि चहा घेतला.
अडुसष्ट. चहा संपला तरी अडुसष्टच.

"मीठच ना?"
"मीठच," मी म्हटलं.
पंचेचाळीस हजार सोम सांगितले, चाळिसावर तुटलं.

देण्याआधी मागच्या बाजूला
बाटलीची दोन झाकणं चिकटवली, पाय म्हणून,
आणि पोटाशी एक चिठ्ठी,
बारीक अक्षरात. टेबलावर ठेवून हिशोब लिहिणाऱ्याला
ती जन्मात दिसायची नाही.
रात्री पालथा करून चटका चाचपणाऱ्यालाच दिसेल:
खाली पोळपाट घे.
गोधडी फक्त तुझ्या डोक्यावरून.

दोन महिने झाले, तोलिबाय फिरकला नाही.
आमच्या धंद्यात
हे लक्षण चांगलं की वाईट, कळत नाही.