शेड नंबर सात

पूर्वभागातल्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये
आम्ही प्रयोग लावला. खुर्च्या नाहीत, पडदा नाही,
चौथ्या मागावर दोनशेचा एक दिवा.
तिकीट नव्हतं, तरी दारात एकानं विचारलंच,
"तोंड कुठं करून बसायचं ओ?"
कुठंही, मी म्हणालो.
तो बराच वेळ उभाच राहिला.

बायका विड्यांची सुपं घेऊनच आल्या,
हजार पुरे व्हायचे होते.
पात्रं बोलत होती, खाली पानांवर कात्री चालत होती,
आणि माझ्या लेखी सगळ्यात हळव्या जागी
नरसूबाई यलदंडी शेजारणीला तेलुगूत काही म्हणाली,
अख्खी रांग हसली.
नंतर विचारलं तर, काही नाही म्हणे,
पोरगा जेवून आलेला दिसत नाही.

मग ती शांतता. सात मिनिटांची,
तालमीत घड्याळ लावून घोटलेली.
पुण्यात तिला लोकांनी श्वास रोखले होते.
इथं सगळ्यांनी एकदम वर पाहिलं,
लाईट गेली का?
एकजण उठून मेन स्विच बघून आला.
"हाय की," म्हणाला, आणि बसला.

नट हवेत तुटलेली तार सांधत होता.
अंबादास कुरापाटी, चाळीस वर्षं मागावर,
कान तिथंच ठेवून आलेले,
आमचा एकही संवाद ज्यांच्यापर्यंत पोचला नव्हता,
ते उठले. धोतर सावरत उजेडात आले.
त्याची बोटं बाजूला सारली.
अंगठ्यावर एक टोक, त्यावर दुसरं, फिरकी, चिमूट, ओढ.
उरलेला दोरा दातांनी तोडून
बाजूला थुंकले.

नव्हतंच काही तिथं.

कात्र्या थांबल्या.
नटानं तसंच करून पाहिलं. मान हलली, नाही.
परत. नाही.
मी वहीत पुढचा संवाद शोधत होतो
आणि तो कुणालाच नको होता,
नटालाही नाही.
कितव्यांदा तरी कुरापाटींनी त्याच्या बोटांवरून
बोट फिरवलं, गाठ हाताला लागते का बघितलं,
लागली नाही, म्हणजे जमली.
आणि जागेवर जाऊन बसले.

"झालं का?" मागून कुणीतरी.
मला सांगता आलं नाही.
सुपं उचलली गेली, दिवा उतरवला.

किल्ली द्यायला गेलो तर मालक म्हणाला,
आवाज काहीच आला नाही,
मला वाटलं तुमचं रद्द झालं.