दोन आणे

गोळीबार चौकातून आत, पराते वाइंडिंग वर्क्स.
एप्रिलात इथे नुसत्या कूलरच्या मोटारी येतात,
जळक्या, वाळ्याचा वास धरून.
त्या गर्दीत उमाठे मॅडम
प्रयोगशाळेतून कागद घेऊन आल्या.

आतलं वेटोळं: चारशे वेढे.
बाहेरचं, दुप्पट रुंद: शंभर.
उलटे.

मी म्हटलं, मॅडम, एकानं बांधायचं
अन् दुसऱ्यानं सोडायचं,
तांबं कायले जाळता?
त्या म्हणाल्या, बाहेर फिटलं पाहिजे.
आत थोडं घटेल, पण राहील.
किती घटेल?
रुपयामागे दोन आणे.

वेढे सारखे नव्हते.
टोकाशी दाट, पोटात विरळ.
हे मात्र कोणी समजवावं लागलं नाही.
बाबा मागावर बसून म्हणत,
अंग सैल चालते पोरा,
काठ सुटला का लुगडं गेलं.

कौतिकाच्या छातीत
गेल्या दिवाळीपासून पेसमेकर आहे.

पहिल्या दिवशी आतलंच चालू केलं
आणि पोराचं होकायंत्र तळहातावर धरून
उलट्या पावलांनी निघालो.
उंबरा. पायरी. नाली.
सुई वाकडीच.
पानठेल्यापाशी कुठे ती सरळ झाली.
तिथे खडूची रेघ मारली.
मॅडम हसल्या, एवढं लांब नाही हो लागत.
लागते, मी म्हटलं.
आठ दिवस कौतिका डबा घेऊन
त्या रेघेवर उभी राहिली, डोक्यावर पदर, उन्हात.

मग बाहेरचंही जोडलं.
आत दोऱ्याला टांगलेला खिळा
आडवा, ताठ, कोणीतरी हाक मारल्यासारखा.
आणि दोन हातांवर, टेबलाच्या कडेला,
सुईला पत्ताच नाही.
ती कोराडीकडे तोंड करून
रोजच्यासारखी.

पानठेल्यापाशी जाऊन मी रेघ चपलेनं पुसली.
नवी टेबलाखाली मारली.

कौतिका आली,
पुसलेल्या खडूवरच थांबली.
ये नं आत, म्हटलं.
हौ, म्हणाली.
आली नाही.
दोन आणे कोण देते मंग? तिने विचारलं.
आतलाच देते.
यावर ती काही बोलली नाही.

होकायंत्र तिच्या हातावर ठेवलं.
बराच वेळ ती सुईकडे बघत राहिली,
सुई हललीच तर
आपल्यालाच आधी कळेल अशी.
मग म्हणाली, जेवून घ्या, डबा थंड होते.
पंचेचाळीस डिग्रीत.