डाळीला लागणारा वेळ

पंचायतीच्या कूपनावर काय मिळेल, काय नाही,
ती यादी मीच लिहिली, माझं अक्षर बरं म्हणून.
सोसायटीच्या दुकानात तराजूच्या मागे चिकटवली आहे.

तांदूळ मिळेल. तूरडाळ, खोबरेल, मीठ, अंडी.
रंगीत थंडाची बाटली नाही.
नूडल्स, क्रीमची बिस्किटं, फरसाण नाही.
'कारखान्यातून आलेलं काहीच नको,' सरपंचबाई म्हणाल्या,
तसा मागून झिलू गावस उठला:
मग उकडा तांदूळ? तो गिरणीतूनच येतो ना?
सोलं? खारे बांगडे? पाव?
अर्धा तास एकट्या पावावर गेला.
पाव राहिला.
पदेर सभेतच बसला होता.

ठराव झाला तेव्हा चार वाजले होते, पंखा बंद.
प्लास्टिकच्या पेल्यांतून नारिंगी थंड आलं,
सोबत बटाटवडा.
कोणी हसलं नाही.
मी पेला नुसता धरून बसलो, फेस खाली बसेपर्यंत.

माझ्या डाव्या पायाला साडेतीन बोटं आहेत.
बाकीची साखरेने नेली, बांबोळीच्या इस्पितळात.
म्हणजे या ठरावावर हात वर करायचा
माझ्याइतका हक्क कोणालाच नव्हता,
आणि मी केला.
पण ती साखर मी माझ्या पैशांनी खाल्ली होती,
तीस वर्षं, दुपारची, याच गल्ल्यावर बसून,
आणि समोरच्या भिंतीवर तेव्हा
फक्त कॅलेंडर होतं.

शुक्रवारी सुरंग आली.
काजूच्या फॅक्टरीत सोलणीला जाते,
चिकाने बोटांची सालं गेलेली.
खाण थांबल्यापासून नवऱ्याचा ट्रक अंगणात उभा,
त्याच्या टपात कोंबड्या अंडी घालतात.
म्हणाली, नूडल्स द्या सहा, आणि एक थंड, मोठं.
मी यादीकडे बोट केलं.
तिने वाचली. ओठ हलवत, सावकाश, तळाच्या शिक्क्यापर्यंत.

'बाब, मी सातला घरी पोचते.
सिलिंडर दोन महिने पुरवायचा असतो.
तुमची डाळ पाऊण तास घेते शिजायला.
ती पाऊण तासाची आग
कूपनात कुठे लिहिलीय?'

मी म्हटलं, आणि थंड? ते तर शिजवावं लागत नाही.
'ते?' ती म्हणाली.
'ते आवडतं म्हणून.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम होता.
दोन किलो डाळ जोखली, पिशवीला गाठ मारली.
माझी गाठ वेगळी असते, बापाची,
तो होडी बांधायचा तसली.

मंगळवारी वाळपईच्या बाजारात
एका गाड्यावर डाळ स्वस्त दिसली.
पिशवीला माझी गाठ.
पलीकडे बाकावर सुरंगची पोर बसली होती,
बाटली दोन्ही हातांनी धरून,
नारिंगी ओठ, डोळे अर्धे मिटलेले.
तिने मला पाहिलं आणि बाटली
झग्याखाली घेतली.

हे मला अजून जात नाही.
सहा वर्षांची पोर. तिला यादी कोणी वाचून दाखवली?

मी डाळ घेतली. बाजारापेक्षा वीस रुपये कमी.
ते वीस रुपये कोणाचे गेले
हे मला कळतं, वह्या लिहिण्यातच जन्म गेला.
आणि पोरीचे दात, तिचं रक्त, तिची पुढची तीस वर्षं
हेही कळतं मला,
रोज सकाळी चप्पल घालताना कळतं.
दोन्ही रकमा खऱ्या आहेत.
एकाच पानावर मांडता येत नाहीत.

रात्री ती डाळ शिजत घातली.
शिट्टीचा कुकर मुद्दाम घेतला नाही, तिच्याकडे नाही म्हणून.
घड्याळ लावलं.
अठ्ठेचाळीस मिनिटं.
सगळा वेळ मी शेगडीपाशी उभा होतो,
उजव्या पायावर भार टाकून.